धाकट्या आसरंच्या तीन बुड्या

पयली बुडी दिली आन बाहुलीनं पाय झाडला.

मी कंबरंएवढ्या पाण्यात उभी. केसं मोकळी, तोंडावर आलेली, कपाळभर हळदीचा मळवट, हिरवं लुगडं अंगाला चिकटलेलं, आन दोन्ही हातात कुंचीत गुंडाळलेली बाहुली. आमची बाहुली कापडाची हाय, आत नाचणी भरलेली, वजन यावं म्हणून. नाचणी काय पाय झाडीत न्हाई. मला वाटलं मासा लागला आसंल, न्हाईतर माझंच हात कापत्यात थंडीनं. मंग कुंचीच्या आतून नाकातनं बारीक सूं सूं आवाज आला, माझी स्वरा झोपंतून उठताना काढती तसाच. काठावर जपानवरनं आलेलं पावणं बसलेलं. वर देवळीच्या पायरीवर नानी टाळ धरून गात व्हती. कुणालाच काय कळलं न्हव्हतं. मला एकटीला कळलं व्हतं, आन मला बोलायची बंदी व्हती.

आता ही बंदी कसली ते आदी सांगते, न्हाईतर तुमी म्हणाल ही बाई येडी का काय, वरडायचं ना सरळ.

आमचं गाव मढच्या पल्याड, डोंगराच्या पोटात. गावाच्या खाली एक झरा हाय, त्याचं पाणी दगडी कुंडात पडतं. कुंडाच्या कडंला शेंदूर लावलेले सात दगड, त्या आमच्या साती आसरा. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. आमच्याकडं जिथं जुनं पाणी हाय तिथं त्या असत्यातच, हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू, न्हाईतर इवलासा लाकडी पाळणा वाहिलेला दिसला की समजायचं. थंडीत सकाळी कुंडातनं वाफ निघती. पावणं इचारत्यात, गरम झरा हाय का? न्हाई ओ. बाहेर गारठा एवढा असतो की तेच पाणी कोमट लागतं. पण फोटोत लई भारी दिसतं, म्हणून आमी बी जास्त समजावत बसत न्हाई.

तर गोष्ट अशी हाय. एक बाई लेकरू काठावर निजवून धुणं धुवाया बसली. साती जणीतल्या धाकटीनं लेकरू पाहिलं, तिला लळा लागला, तिनं उचललं आन पाण्यात नेलं. आईनं शिव्या दिल्या न्हाईत, दगड मारलं न्हाईत. ती कडंला बसून ऱ्हायली आन अंगावरचं दूध पाण्यात पिळत ऱ्हायली, कुटं का आसंना, पोराच्या पोटात जाईल म्हणून. पाणी पांढरं झालं. मंग धाकटीला लाज वाटली आन तिनं लेकरू परत दिलं.

ह्याच गोष्टीचा आमी खेळ करतो. नानी गाती, गावातली कमळताई आईचं सोंग घेती, आमी साती जणी आसरा. धाकटी मी. माझं काम म्हंजी काठावरच्या सपाट दगडावरनं बाहुली उचलायची, पाण्यात उतरायचं आन तीन बुड्या द्यायच्या. बुडी म्हंजी पुरं बुडवायचं न्हाई, पायाला पाणी लागलं की झालं. पयली बुडी म्हंजी लेकरू पाण्याचं झालं. दुसरी म्हंजी आईची हाक पाण्यात पोचली. तिसरी म्हंजी पाण्यानं लेकरू सोडलं. तिन्ही झाल्या पायजेल. एकीवर थांबलं तर लेकरू पाण्याच्याच नावावर ऱ्हातं, असं मानत्यात. आन मळवट भरला की आसरंनं बोलायचं न्हाई, कुणी नावानं हाक मारली तरी वळून बघायचं न्हाई. शेवटी त्याच पाण्यानं तोंड धुतलं की मंग ती पुन्हा घरची बाई.

आदी हा खेळ गडीमाणसं लुगडी नेसून करायची, वरसातनं एकदा, चैतात. सासरे सांगत्यात, थोरली आसरा खेळ संपला की तिथंच काठावर बिडी पेटवायची. नानी म्हंजी माझी चुलत सासू. तिनं बचत गटाच्या बायांना गोळा केलं आन गावात सांगितलं, पाण्यातल्या बायांचा खेळ हाय, मिश्यावाले कशाला पायजेत. लई भांडणं झाली. आता आमी थंडीभर दर ऐतवारी करतो. लेण्याद्रीला, माळशेजला येणारं पावणं इकडं वळत्यात, खेळ बघत्यात, पिठलं-भाकरी खात्यात.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, डिंभे धरणाच्या कडंचं. एवढं पाणी दारात आन आमाला पाण्याला शिवू द्यायचे न्हाईत. आई म्हणायची, भर दुपारचं पाण्यावर जाऊ नको, आसरा बघत्यात. लेकुरवाळीनं तर मुळीच न्हाई. मी शाळेत नववीपतुर गेले, इग्यान बी शिकले, पण ती भीती काय गेली न्हाई, अजून हाय. मंग मी आसरा कशी झाले? नानीमुळं. मला बोलायची लई खोड, एक सांगाया लागले की दम लागंपतुर थांबत न्हाई, आत्ता बी बघा. धाकटीचं काम करणारी पोरगी लग्न होऊन गेली तवा नानी सगळ्या बायांसमोर म्हणाली, "हिला मुकी आसरा करा, गावाला घटकाभर शांतता मिळंल." सगळ्या हसल्या. मी रागानं हो म्हणाले.

आन सांगते, ह्या कामाचा मला जेवढा गर्व हाय तेवढा कशाचा न्हाई. लोकांना वाटतं पाण्यात उभं ऱ्हायचं, त्यात काय. ओलं लुगडं वढून खाली नेतं, म्हणून आमी आतून नवऱ्याची हाफ पँट घालतो, ते पावण्यांना ठाऊक नसतं. पायाखाली शेवाळ. बोटांनी दगड धरून चालायचं आन वरून असं दिसलं पायजेल की ही तरंगतीय. मान खाली, डोळं पाण्यावर, केसांच्या आडून जेवढं दिसंल तेवढं. पयल्या खेळाला मी दोनदा पडले. नानी म्हणाली, पडली तर पडली, आसरा पाण्यात पडंल न्हाईतर कुटं पडंल, पण वरडलीस का? न्हाई ना. मंग झालं.

पावणं बी एकेक येतं. पुण्याची एक बाई आली, म्हणाली आमच्या सोसायटीत स्विमिंग पूल हाय, तिथं करता का तुमचा कार्यक्रम. नानी तिला म्हणाली, "करू की बाई, पण साती जणींना टँकरनं न्यावं लागंल, तुमच्या पाण्याला औषधाचा वास येतो." ती बाई खरंच टँकरचं बघते म्हणाली. एक भाऊ ड्रोन घेऊन आला, कड्याला आग्यामोहोळ हाय म्हणून सांगितलं तरी ऐकंना, मंग मधमाशा उठल्या आन तो पळत येऊन आमच्याच कुंडात बसला, नाकापतुर. त्या दिवशी आसरा आठ झाल्या.

पण एक बाई आली व्हती डिंगोऱ्याची, ती मला इसरता येत न्हाई. खेळ संपला, सगळे जेवाया गेले, ती दगडावर बसूनच. माझ्यापाशी येऊन म्हणाली, ती बाहुली जरा देता का. मी दिली. तिनं छातीशी धरली, कुंची सारखी केली, मला परत दिली आन गेली. मी काय इचारलं न्हाई. इचाराया पायजे व्हतं असं अजून वाटतं. तवाच मला कळलं की ही नाचणी भरलेली चिंधी न्हाई, हिच्यापाशी बाया कायबाय ठिवून जात्यात.

आता कुंचीचं सांगते, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला. आमच्यात रीत हाय, गावात जे सगळ्यात नवं लेकरू आसंल त्याची कुंची खेळातल्या बाहुलीला घालायची. कुंची म्हंजी डोक्यावरनं पाठीपतुर येणारी, तान्ह्या पोराची. बाहुलीनं ती घातली की त्या लेकराला पाण्याची बाधा न्हाई. त्या थंडीत सगळ्यात नवी माझी स्वरा. नुसती बसाया लागलेली. नानीनं एकाच हिरव्या खणाच्या दोन कुंच्या शिवून घेतल्या, एक बाहुलीला, एक स्वराला, कौतुकानं.

त्या ऐतवारी जुन्नरचे इरफानभाऊ जपानची माणसं घेऊन आले. इरफानभाऊ लेण्याद्रीची लेणी दाखवत्यात, जपानी बोलत्यात, कुटं शिकले देव जाणे, बाप त्यांचा बांगड्यांचा धंदा करतो आन आमच्या आसरांच्या हिरव्या बांगड्या त्यांच्याच दुकानातनं येत्यात. पावणं सगळे म्हातारे. कुंडाची वाफ बघून लई खुश झाले, पायमोजे काढले, प्यांटी गुडघ्यापतुर दुमडल्या आन धुण्याच्या दगडांवर रांगेनं पाय पाण्यात सोडून बसले. आमच्या बाया तोंडाला पदर लावून हसाया लागल्या. इरफानभाऊ म्हणाले, त्यांच्याकडं गरम झऱ्यांपाशी देवळं असत्यात, त्यांना घरच्यावानी वाटतंय, बसू द्या.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, स्वराला घेऊन काठावर उभ्या व्हत्या. त्यांना हा खेळ मनातनं पसंत न्हाई, लेकुरवाळ्या सुनंनं पाण्यात उभं ऱ्हायचं म्हंजी काय, पण नानीपुढं त्यांचं चालत न्हाई. स्वरा झोपली. तेवढ्यात पावण्यांतल्या एका आजीचा पाय शेवाळावरनं सरकला. आत्याबाई जवळच. त्यांनी स्वराला सपाट दगडावर ठिवलं, ऊन तिथंच आलं व्हतं, कोरडं तेवढंच, आन त्या आजीला धराया धावल्या. दगडावर आता दोन कुंच्या, शेजारी शेजारी. नानीनं धाकटीची ओवी सुरू केली. मी मान खाली घालून आले, केसांच्या आडून हिरवं दिसलं, उचललं.

आन पयली बुडी दिली.

पाय झाडला, सूं सूं झालं, आन मंग ती रडाया लागली. खऱ्या पोराचं रडणं नाटकातल्यावानी नसतं, ते डोंगरावर जाऊन परत येतं. काठावर आत्याबाईंनी दगडाकडं बघितलं, तिथं बाहुली पडलेली. त्यांनी जी हाक मारली, माझ्या नावानं, ती मला आजून ऐकू येती.

"सुनंदा, पोर हाय ती. बाहेर ये. माझी पोर हाय ती."

मला वळायचं न्हव्हतं. मी वळले न्हाई. पण खरं सांगते, ते काय नेमानं न्हाई, माझं पायच हालंनात. डोक्यात दोन भीत्या एकमेकींला धडकत व्हत्या. एक म्हणत व्हती पळ, लेकरू हातात हाय, पाणी हाय, शेवाळ हाय, थंडी हाय, पळ. दुसरी म्हणत व्हती, पयली बुडी झाली. तुझ्याच हातानं झाली, मळवट भरून, ओवी चालू असताना झाली. आता ही पाण्याची झाली. आत्ता घेऊन पळालीस तर दुसऱ्याची वस्तू घेऊन पळतीयस. शिकलेल्या माणसाला हे हसू येईल. येऊ द्या. तुमच्या आईनं बी लहानपणापासनं सांगितलं असतं तर तुमाला बी आलं नसतं.

स्वरानं माझा वास घेतला. रडता रडता तोंड फिरवून छातीपाशी शोधाया लागली. आन मला पान्हा फुटला. ओल्या लुगड्यात बी कळलं, गरम. मी पाण्यातल्या दगडावर बसले, पदर तिच्यावर घेतला आन पाजाया लागले. धाकटी आसरा, मळवट भरलेली, कंबरंएवढ्या पाण्यात बसून लेकराला पाजतीय. असं गोष्टीत न्हाई. असं कुणी कधी केलं न्हाई. गोष्टीत दूध आईचं, आसरंला कुटलं दूध.

टाळ थांबला. कुंडाचं पाणी पडायचं तेवढाच आवाज. मला वाटलं संपलं, मी खेळ मोडला, आता गावात तोंड दाखवाया जागा न्हाई. नानीला डोळ्यानं कमी दिसतं, पण कान तिचं शाबूत. स्वराचं रडणं तिनं वळखलं व्हतं, आन ते कशानं थांबलं ते बी. तिचा टाळ पुन्हा वाजला, हळू, आन तिनं जी ओवी म्हणली ती त्याच्या आदी कुणी ऐकलेली न्हाई, तिनं बी न्हाई:

धाकटीच्या उरी बाई कसा फुटला पान्हा,
पाण्यात बसून पाजी परक्याचा तान्हा.

बाकीच्या सहा जणी माझ्याभोवती गोल करून उभ्या ऱ्हायल्या, कुणी सांगितलं न्हाई त्यांना. थोरली माझ्या पाठीशी टेकली. काठावर कमळताई गुडघ्यावर बसलेली. तिनं दूध पिळायचं सोंग करायचं असतं, ती करत न्हव्हती, नुसती माझ्याकडं बघत व्हती. आत्याबाईंना दोन बाया धरून ऱ्हायल्या व्हत्या.

स्वराचं पोट भरलं. तिनं तोंड सोडलं, केसांच्या आडून माझ्याकडं बघितलं, मळवट बघितला, वळखलं का न्हाई कुणास ठाऊक. रडली न्हाई. नानी आता दुसऱ्या बुडीच्या ओवीवर आली आन तिथंच घोळवत ऱ्हायली, तीच ओळ पुन्हा पुन्हा. ती मला सांगत न्हव्हती. ती वाट बघत व्हती.

मी उठले. कुंची वर सारली. दुसरी बुडी दिली. आता मला ठाऊक व्हतं हातात काय हाय. दोन इवलाले पाय, आंगठा अजून वाकडा ठिवती ती, पाण्याला लागले आन तिनं बोटं पसरली. आत्याबाईंचा आवाज आला न आला. तिसरी बुडी दिली. मनात म्हणलं, बाई, तुझं देणं न्हाई, घेणं न्हाई, सोड. मंग चालत काठापतुर गेले, बोटांनी एकेक दगड धरत, आन गोष्टीत जसं हाय तसं लेकरू आईच्या हातात दिलं. कमळताईच्या हातात. कमळताईनं स्वराला पदरात गुंडाळलं आन ती खरंच रडाया लागली. मी मागं फिरले, झऱ्याखाली तोंड धरलं, हळद गेली, आन मंग मी जी वरडले ते म्हणं देवळीच्या वरच्या वाटंपतुर ऐकू गेलं.

पोरीला काय झालं न्हाई. दोन शिंका दिल्या आन आत्याबाईंच्या मांडीवर झोपली.

पावण्यांना हे सगळं ठरवलेलंच वाटलं. टाळ्या न्हाई वाजवल्या, सगळे उभं राहून वाकले. जिचा पाय सरकला व्हता ती आजी माझ्यापाशी आली, माझे वले हात धरले आन लई बोलली. इरफानभाऊ सांगत गेले. तिच्या गावात गरम पाण्याचा झरा हाय, लोक अंघोळ करून देवळात येऊन बसत्यात आन गावातलीच माणसं मुखवटे घालून तिथल्या देवांच्या गोष्टी करून दावत्यात. बऱ्याच तोंडांचा एक मोठा साप येतो. आजीचा नवरा जलमभर त्या सापाचं शेपूट व्हता. मी इरफानभाऊंना म्हणलं, तोंड कधी मिळालंच न्हाई का? त्यांनी इचारलं. आजी लई हसली, म्हणाली न्हाई, पण शेपूट थांबलं तर साप मरतो, हे त्यो सगळ्यांना सांगायचा. मंग हसायची थांबली आन मला एकच इचारलं, तुला भ्या वाटलं का.

गावातल्या कुणी मला हे इचारलं न्हव्हतं. मी म्हणाले, लई. इरफानभाऊंनी ते सांगितलं का न्हाई म्हाईत न्हाई, तिला न सांगताच कळलं.

आता नानी ती नवी ओवी दर खेळाला म्हणती. म्हणती, गोष्ट आसरंनं स्वतः बदलली, आपण कोण. मी बाहुलीलाच पदराखाली घेते, बाया रडत्यात. अवंदाच्या पावण्यांतला एक जण म्हणला खरं लेकरू ठेवा ना, नानीनं त्याला भाकरी न देता वाटंला लावलं. स्वरा आता चालती, कुंडाकडं बोट दावून हसती, पाण्याला भीत न्हाई. तालुक्यावरनं बाया येत्यात आन मला धाकटी म्हणून वळखत्यात, बाजारात बी. मला बरं वाटतं, का खोटं बोलू.

पण आत्याबाई माझ्याशी कामापुरतंच बोलत्यात. पयल्या बुडीचा त्यांना राग न्हाई, ती त्यांच्यामुळंच झाली हे त्यांना ठाऊक हाय, त्या रोज स्वतःला बोल लावत्यात. त्यांचा राग पुढच्या दोनीचा हाय. एकदाच म्हणाल्या, भांडी घासता घासता, माझ्याकडं न बघता, "पयली चुकून झाली. दुसरी तू जाणून दिली. कोण आई देती?"

त्यांनी घासलेली भांडी मी विसळत ऱ्हायले. जाणूनच दिल्या, दोन्ही दिल्या, पुन्हा तशी येळ आली तर पुन्हा देईन असं रोज वाटतं आन रोज रात्री तिचं पाय हातात धरून बघते, गरम हायेत ना.

तुमच्या हातात तुमचं लेकरू असतं, पाणी कंबरंला, पयली बुडी झालेली, मागनं सासू नावानं हाक मारतीय आन पुढं ओवी थांबलीय तुमच्यासाठी. तुमी काय केलं असतं?